सरड्याची धाव कुंपणापर्यंत? पण कुंपण आहे कुठं!

आजचा भाग शेतातून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधे मधे वारा ऐकू येईल, एकदा ट्रॅक्टर जाईल आणि कदाचित सातभाई कलकलाट करतील. शब्दांकन करताना ते सगळं काढून टाकलंय, पण ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्या.

सुरुवात एका म्हणीनं करतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत.' शाळेत आपण तिचा अर्थ पाठ केला की ज्याची कुवत कमी त्याची उडी छोटी. मी आत्ता ज्या बांधावर बसलोय तिथं समोर एक सरडा आहे, मान लाल झालेली, दंड मारल्यासारखा वरखाली करतोय. आणि मला वाटतं की ज्यानं ही म्हण काढली त्यानं सरडा अर्धाच पाहिला. सरडा कुंपणापर्यंत धावतो कारण त्याचं घर तिथं असतं. उन्हात उघड्यावर शिक्रा उचलेल, म्हणून तो जीव घेऊन घरी पळतो. आपल्याला ती त्याची मर्यादा वाटली.

आता तुम्ही शिरूरकडून पारनेरकडे गाडीवर या आणि मला सांगा, किती शेतांना कुंपण दिसतं? तार दिसेल. सिमेंटचे खांब दिसतील. झटका मशीनच्या पांढऱ्या वायरी दिसतील. पण झाडाझुडपांची, काट्याची, हातभर जाड, जिच्यात हात घातला तर रक्त निघेल अशी वई? शोधावी लागेल.

'वई' हा शब्द माझ्या आजीचा. ती कुंपण म्हणत नाही. "वईला शेळी लागली", "वईतली करवंदं", "वईच्या आत ये". माझ्या वयाच्या पोरांना हा शब्द माहीत नाही, कारण वस्तूच राहिली नाही तर शब्द कोण वापरणार?

थोडं माझ्याबद्दल. मी रांजणगावला एमआयडीसीत नोकरी करतो, शिफ्टची. गाव शिरूर आणि पारनेरच्या शिवेवर आहे, नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं भावकीची भांडणं येणार आहेत आणि मला गावात राहायचंय. आम्ही अकरा जण आहोत. संस्था नाही, रजिस्ट्रेशन नाही, टी-शर्ट नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याचं नाव 'काटा'. रविवारी सकाळी सात ते दहा आम्ही वई लावतो आणि सांभाळतो. चार पावसाळे झाले. आज आमच्याकडे एकशे ऐंशी मीटर वई उभी आहे, तीन तुकड्यांत. चार वर्षांत एकशे ऐंशी मीटर! पोकलेन एवढी एका सकाळी काढतो.

आणि काढतोच. आमच्या गावची जुनी पाणंद होती, दोन्ही बाजूंनी वई, मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. तीन वर्षांपूर्वी ती रुंद केली. दोन दिवसांत हिवर, बोरी, निर्गुडी, नेपती, सगळं मुळासकट एका बाजूला ढीग. मला फार वाईट वाटलं, मी स्टेटस ठेवला, रडका इमोजी टाकला. तेव्हा माझा मावसभाऊ मला म्हणाला, "तुझा ऊस नाही ना तिकडं? माझा दोन वर्षं डोक्यावर मोळ्या वाहून बाहेर काढला मी. ट्रॉली आत येत नव्हती." त्याचं बरोबर होतं. बाळंतिणीला पावसात बाजेवर घालून याच पाणंदीतून आणलेलं गावानं पाहिलंय. म्हणून मी आधीच सांगतो, हा भाग रस्त्याच्या विरोधात नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. रस्ता झाला हे चांगलं झालं. मग त्याच्या कडेला वई परत लावायचं कुणाच्या डोक्यात का आलं नाही? इंग्लंड-वेल्समध्ये गावाबाहेरची जुनी महत्त्वाची वई काढायची तर १९९७ पासून आधी परवानगी मागावी लागते. आपल्याकडे ती झुडपं, म्हणजे कचरा.

आता इंग्रजांचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगतोच, ती ऐकून मी स्वतः तीन वेळा 'काय?' म्हणालो होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारताच्या मधोमध एक वई लावली होती. मिठासाठी! मिठावर कर होता, आणि एका भागातलं स्वस्त मीठ चोरून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून सिंधू नदीच्या बाजूपासून खाली पार ओडिशाच्या दिशेनं एक जकातीची रेषा आखलेली होती. आपल्या रावेरच्या पलीकडचं बुऱ्हाणपूर आहे ना, ते या रेषेवर होतं. या रेषेच्या मोठ्या भागावर काटेरी वई होती आणि पहाऱ्याला सुमारे बारा हजार माणसं. आधी तिथं नुसत्या वाळलेल्या काट्यांचा ढीग असायचा. तो वाळवी खायची, आग लागायची, वारा न्यायचा. १८६७ मध्ये जो अधिकारी या खात्याचा प्रमुख झाला त्यानं ठरवलं की मेलेला काटा नको, जिवंत लावा. काय लावलं? बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग. म्हणजे जवळजवळ आमचीच यादी!

आणि तो अधिकारी कोण? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ मध्ये काँग्रेसची स्थापना करणारा तोच ह्यूम. भारतातल्या पक्ष्यांचा प्रचंड मोठा अभ्यासकही तोच. १८७९ मध्ये ही रेषा सोडून दिली आणि वई पाहता पाहता नाहीशी झाली. कुणी तोडली, कुणी जाळली, कुठं रस्ता झाला. रॉय मॉक्सहॅम नावाच्या माणसानं ती शोधत भारतात चकरा मारल्या आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मला यातून काय वाटतं, तर ती वई गरिबाच्या ताटातलं मीठ अडवायला होती, गेली ते उत्तम झालं. पण एवढी लांब वई माणसांच्या आठवणीतूनही पुसली जाते, तिथं आमच्या पाणंदीचं काय.

असो. आमच्या कामाकडे येतो.

पहिल्या वर्षी आम्ही मूर्ख होतो. एका रोपवाटिकेतून दोनशे रोपं फुकट मिळाली. त्यात गिरिपुष्प होतं, काही शोभेची झुडपं होती, थोडा कडुनिंब. आम्ही जुलैत एका सरळ ओळीत खड्डे घेतले, रोपं लावली, फोटो काढले, ग्रुपवर टाळ्या वाजल्या. दिवाळीला मोजलं तर एकतीस रोपं जिवंत. बाकी शेळ्यांनी, उन्हानं आणि आमच्या आळसानं गेली. सगळ्यात जास्त आळसानं. लावायला अकरा जण आले होते, ऑगस्टच्या पावसाच्या उघडीपीत पाणी घालायला दोघं.

त्याच सुमाराला आमच्या ओळीशेजारून शेळ्या नेणारे एक आबा थांबले. हसले नाहीत, पण बघून हसू दाबलं हे कळलं. म्हणाले, "आरं पोरा, ही वई हाय का शेळ्यांचं जेवाण वाढलंय?" मग त्यांनी मला अर्ध्या तासात जे शिकवलं ते मी यूट्यूबवर वर्षभर पाहून शिकलो नसतो.

आबांचं म्हणणं, वई शेळीच्या डोक्यानं लावायची. शेळी काय खात नाही ते बाहेरच्या बाजूला. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही, अडुळशाला लावत नाही, थोराला लावत नाही. निर्गुडी आणि थोर तर फांदी खोचली तरी येतात, रोप विकत आणायची गरज नाही. मग आतल्या बाजूला काटा. करवंद, रानबोर, हिंगणबेट, चिलार, सागरगोटा, मधेच एखादी बाभूळ किंवा हिवर. आणि एकदा काट्याचा पाया झाला की वेल आपण लावायचे नाहीत, ते पाखरं आणि वारा आणतात. गुळवेल, गुंज, शतावरी, हरणदोडी. आबांनी सांगितलेल्या वेलांपैकी तिन्हीचारी आले, चार वर्षांत. एकही आम्ही लावला नाही.

थोराबद्दल एक सूचना, गंमत नाही. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. आमच्यातल्या एकाला नुसत्या हातानं कपाळ पुसल्यामुळे दवाखाना बघावा लागला. थोर तोडताना गॉगल आणि हातमोजे, आणि लहान पोरांना लांब.

देशी-विदेशीवरून खूप वाद होतात, म्हणून त्यावर थोडं. घायपात, मोगली एरंड, फड्या निवडुंग, गिरिपुष्प, घाणेरी, वेडी बाभूळ, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कुंपण म्हणून यातली बरीच चालतात, खोटं कशाला बोलू? घायपाताच्या आत गाय जात नाही. पण घायपाताच्या कुंपणासमोर तासभर बसा आणि करवंद-बोरीच्या वईसमोर तासभर बसा. आम्ही बसलोय, वही घेऊन. फरक सांगायची गरज पडत नाही. घाणेरी तर आम्ही लावली नाही तरी येते. बुलबुल फळं खाऊन बी टाकतात. बुलबुलाला देशी-विदेशी कळत नाही. म्हणून दर पावसाळ्यात दोन रविवार आम्ही फक्त घाणेरी उपटतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही रोपं स्वतः केली. त्यात माझ्या आजीचा वाटा मोठा. सागरगोट्याची बी बघितलीय का कुणी? करडी, गुळगुळीत, गोटीएवढी. मुली ज्या सागरगोट्यांनी खेळायच्या ना, झेलायच्या, त्या या बिया. आजीकडे लुगड्याच्या गाठोड्यात पाच होत्या, तिच्या लहानपणच्या. ती देईना. "माझ्या आईनं दिल्यात मला." मी म्हटलं, "आजी, तू दोन दे, तुला झाड देतो." तिनं मोजून दोन दिल्या. ही बी इतकी टणक की नुसती मातीत टाकली तर वर्षभर तशीच पडून राहील. दगडावर एका बाजूनं घासायची, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत, आणि मग रात्रभर कोमट पाण्यात. फुगली की पेरायची. दोनातली एक उगवली. बाकीच्या बिया आम्ही डोंगरकडेनं गोळा केल्या. आजीची ती एक वेल आता बारा फूट पसरलीय आणि माझ्या डोक्याला ताप झालीय, कारण सागरगोटा कापत राहिलं नाही तर शेतात घुसतो. आजीला मी हे सांगितलं तर म्हणते, "मग कशाला घासलीस?"

करवंदाचं उलट. ती बी ताजीच पेरावी लागते. मे-जूनमध्ये करवंदं खायची, बी धुवायची आणि लगेच पिशवीत लावायची. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवली तर बहुतेक वाया. आम्ही ठेवली होती. वाया गेली.

आता मुख्य गोष्ट. जी सांगायची की नाही यावर मी दोन आठवडे घालवले.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक बांध मिळाला. साठ मीटर. दोन चुलतभावांच्या शेतांमधला. एकाला सगळे नाना म्हणतात, दुसऱ्याला अण्णा. आम्ही नानांना विचारलं, नाना म्हणाले लावा की. आम्ही दोन रविवार घालून चर खणला, फूटभर खोल, दोन ओळी, रोपं एकमेकांसमोर न येता तिरकी, दीड-दीड फुटावर. वर उसाचं पाचट अंथरलं, बाहेरून बाभळीच्या वाळलेल्या काट्या लावल्या. पहिल्या वर्षीच्या सगळ्या चुका सुधारल्या. मी तर मनातल्या मनात भाषण तयार करत होतो.

तिसऱ्या रविवारी गेलो तर एकही रोप नाही. शेळीचं काम नव्हतं. उपटून, व्यवस्थित ढीग लावून, पिशव्यांसारखा चर बुजवून. अण्णांनी रात्रीत काढलं होतं.

मी तावातावानं अण्णांच्या दारात गेलो. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, साठीच्या माणसासमोर आवाज चढवून बोललो, ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. अण्णा ओसरीवर बसून होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बांध कुणाचा हाय?"

मी म्हटलं, "दोघांचा, अहो."

"मग इचारलं कुणाला?"

मी गप्प.

ज्यांचं गाव नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात. 'बांध कोरला' हे दोन शब्द म्हणजे तीन पिढ्यांचा कोर्टकचेरीचा इतिहास. दर नांगरटीला एक बाजू चार बोटं आत सरकते. अण्णांच्या म्हणण्यानुसार नानांच्या वडिलांनी बांध कोरून कोरून चार फुटांचा दोन फुटांवर आणला. नानांच्या म्हणण्यानुसार नेमकं उलटं. आणि अशा बांधाच्या मधोमध आम्ही, कुणी सांगितलेलं नसताना, एक ओळ मारून आलो! अण्णांना ती झाडं दिसलीच नाहीत. त्यांना दिसली ती नानांनी पोरांच्या हातून आखून घेतलेली हद्द. वर वई वाढली की तीन-चार फूट रुंद होणार, सावली पडणार, मुळ्या येणार, दोन-तीन तासं पीक दबणार. कुणाच्या बाजूचं?

अण्णांचा मुद्दा बिनतोड होता. पर्यावरणाचं काम म्हटलं की आपल्याला वाटतं समोरचा एकतर अडाणी आहे नाहीतर स्वार्थी. तो हिशोब करत असतो आणि आपण त्याच्या हिशोबात एक ओळ वाढवून ठेवलेली असते.

पुढं सात महिने काही झालं नाही. आम्ही शाळेच्या मागची बाजू घेतली, तिथं काम केलं. दरम्यान दोघांनी मोजणी मागवली. आमच्यामुळे नाही, त्यांचं आधीपासून चाललं होतं. मोजणी झाली, खुणेचे दगड बसले. कोण चुकलं होतं ते मी सांगणार नाही, दोघंही थोडे थोडे. मग मी पुन्हा गेलो, या वेळी आधी अण्णांकडे, आणि कागद घेऊन. त्यावर चारच गोष्टी होत्या. वई दगडांच्या बरोबर रेषेवर. रुंदी चार फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, छाटणी आमची जबाबदारी. मोठी होणारी झाडं फक्त दोन, तीही उत्तरेच्या टोकाला, म्हणजे सावली पिकावर कमीत कमी. ज्याच्या बाजूची फळं त्याची. अण्णांनी कागद वाचला नाही. म्हणाले, "नान्यानं सही केली का?" मी म्हटलं आधी तुमच्याकडे आलोय. यावर त्यांनी सही केली. मला वाटतं, वाक्य तेवढंच हवं होतं त्यांना. आधी तुमच्याकडे.

दोघं आजही बोलत नाहीत, असं नका समजू की वईनं भाऊ जोडले वगैरे. जानेवारीत छाटणीला दोघं येतात, आपापल्या बाजूला उभे राहतात, आणि आम्ही मधे. नाना मला सांगतात, "त्याला सांग तिकडची फांदी लांब झालीय." अण्णा चार फुटांवर असतात. ऐकलेलं असतं. मी तरी सांगतो.

बिबट्याचा प्रश्न. आमच्या भागात हा विनोदाचा विषय नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावकडं माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. जेव्हा शाळेच्या मागं वई लावायचं म्हटलं तेव्हा एका ताईंनी सभेत उभं राहून विचारलं, "माझी पोरगी त्या वाटेनं जाते, तिथं तुम्ही दडण करणार?" यावर मी 'अहो बिबट्या उसात राहतो' असं म्हणू शकलो असतो. ते खरंही आहे, उसासारखी दाट, पाण्याची, महिनोन्‌महिने कुणी न फिरकणारी जागा दुसरी नाही, मादी पिल्लंही तिथं घालते. पण ज्या आईला भीती वाटते तिला माहिती देऊन भीती जात नाही. आम्ही त्या वाटेच्या बाजूची वई कमरेएवढीच ठेवली आणि वाटेपासून दहा फूट मागं घेतली. खालच्या फांद्या काढल्यात, आरपार दिसतं. जीवजंतूंच्या दृष्टीनं ती आमची सगळ्यात वाईट वई आहे. खाली दाट नसेल तर तित्तर येत नाही, मुंगूस येत नाही. चालतंय. ताईंची मुलगी आता सातवीत आहे आणि आमची पक्ष्यांची वही तिच्याकडे असते.

साप येतात का? येतात. धामण येते, ती उंदीर खाते, तिला मारू नका. घोणसही येते. म्हणून वईत वाकून हात घालायचा नाही, आधी काठीनं आपटायचं, पायात बूट, आणि संध्याकाळनंतर काम बंद. हे नियम आम्ही मोडत नाही.

आता वहीत काय आहे ते वाचतो, थांबा. नाना-अण्णांची वई, तिसरं वर्ष. लालबुड्या बुलबुल, घरटं दोन. वटवट्या, घरटं एक, शेवटून पाच फुटांवर. शिंपी. सातभाई रोज. भारद्वाज, आणि समोर इथं त्या मुलीनं लिहिलंय 'आज पेपर चांगला जाणार'. होला. मुनिया गवत घेऊन जाताना. खाटीक, आणि बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा. खाटीक पक्षी खरंच असं करतो. शिकार काट्याला अडकवतो, म्हणून नाव खाटीक. तारेच्या कुंपणावरही तो बसतो म्हणा, काटा कुठलाही चालतो त्याला.

फुलपाखरांचं मला नव्यानं कळलं. प्रत्येकाच्या अळीचं खाणं ठरलेलं असतं. पायोनियर नावाचं पांढरं-काळं फुलपाखरू अंडी घालतं ती नेपती-वाघाटीच्या कुळातल्या झाडांवर. ब्लू टायगर हरणदोडीवर. प्लेन टायगर रुईवर, त्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. तर असा एक बिबळ्या आमच्या वईत नक्की आहे, ताईंना सांगितलंय. म्हणजे नुसती फुलं लावून फुलपाखरं 'येतील', पण राहायची असतील तर त्यांच्या पोरांच्या जेवणाची सोय लागते.

वाघाटी म्हटल्यावर आषाढीची द्वादशी आठवली असेल काहींना. एकादशी सोडताना वाघाट्याची भाजी लागते. पुण्यात त्या दोन दिवसांत तिला काय भाव येतो ते मंडईत विचारा. आमच्या वईत एक वाघाटी आहे, दगडाच्या बरोबर रेषेवर. ती कुणाच्या बाजूची हे कागदात लिहायचं राहून गेलं. मागच्या आषाढीला अकरा वाघाटी लागली. नानांच्या घरी सहा गेली आणि अण्णांच्या घरी पाच, आणि त्यावर पंधरा दिवस चर्चा झाली.

शेजारच्या एका शेतकऱ्यानं कांद्याचं बियाणं धरलं होतं. त्या गोंडांना मधमाश्या लागतात, नाहीतर बी भरत नाही. फुलोरी माशी, छोटी, ती असल्याच झुडपांत खाली पोळं बांधते. त्यानं स्वतः येऊन विचारलं की तुमच्या वईत पोळं आहे का. दोन होती. त्याचं बियाणं वईमुळेच चांगलं आलं असं मी म्हणणार नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. पण या वर्षी त्यानं स्वतःच्या बांधाची पंधरा मीटर दिली.

आणि मार्चमध्ये चाळीस मीटर जळली. हेही सांगायला हवं. दूरच्या कुणीतरी बांध पेटवला, वारा फिरला, शाळेकडच्या तुकड्यापर्यंत आग आली. आम्ही पाचट खाली अंथरलेलं, ते तर पेटायला तयारच. तेव्हापासून फेब्रुवारी संपायच्या आत पाचट मातीत दाबतो आणि दोन्ही बाजूंना तीन फूट पट्टा साफ ठेवतो. जळलेल्यात निर्गुडी आणि बोरी पावसानंतर बुडातून फुटल्या. करवंद बरीच गेली. ती रोपं परत भरतोय.

तुम्हाला करायचं असेल तर माझ्याकडून एवढंच. लावणी मोठी धरू नका. वीस मीटर घ्या आणि दोन उन्हाळे जगवा. पहिल्या वर्षी रोप गुडघ्याला आलं की शेंडा खुडा, जीवावर येतं पण खुडा, नाहीतर वई वर वाढते आणि खाली भोकं राहतात. छाटणी एका वर्षी सगळी करू नका, तिसरा भाग करा, बाकीच्यावर बोरं राहू देत, कोल्हासुद्धा बोरं खायला येतो. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत कोयता बंद, घरटी असतात. माळरानावर, गवताच्या उघड्या जागेत मात्र वई लावायला जाऊ नका. चंडोल, धाविक यांना उघडं गवतच लागतं, तिथं झाड लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. आणि शहरातल्या सोसायटीत असाल तर भिंतीकडेला अडुळसा, कोरांटी, कामिनी, कढीपत्ता लावून बघा. कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या तर फवारू नका, ती फुलपाखरं आहेत. कमिटीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, भावकीपेक्षा सोसायटी अवघड आहे असं ऐकून आहे.

शेवटी परवाची गोष्ट. नाईट शिफ्ट करून आलो, झोपलो, साडेसहाला फोन. अण्णा. अण्णांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता, नंबर कुणाकडून घेतला माहीत नाही. म्हणाले, "तुमच्या वईत शेळ्या घुसल्यात, नान्याच्या बाजूनं. उठा की." मी बूट शोधत म्हटलं, "अण्णा, तोवर जरा हाकला ना." ते म्हणाले, "हाकलतोयच की कवापासून," आणि फोन तसाच चालू ठेवून शेळ्यांना शिव्या घालायला लागले.